मागायचं नाही, सांगायचं

४ ऑगस्ट

लेका,

माझे आशीर्वाद आहेतच. तुला नको असतील तर बाजूला ठेव, ते खराब होत नाहीत.

तू फोनवर मुंगीशी बोलतोस, माझ्याशी नाही. मी फोन तिच्या हातात देऊन आत जाते, ते तुला सोपं जावं म्हणून. म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, समोरचा ते वाचतोय की नुसतंच टेबलावर आपटतोय, ते लिहिणाऱ्याला दिसत नाही.

तुझी लेक मुंगी इथे रुळली आहे. पहिले काही दिवस दप्तर पाठीवर घेऊनच घरभर फिरायची, जणू स्टेशनावर थांबली आहे. आता दप्तर खुंटीला असतं. शाळेतून आली की हात धुऊन बांधणीच्या खोलीत येते, माझ्यासमोरच्या स्टुलावर चढते आणि मी पुस्तकं शिवत असते तेव्हा दिवसभराचं सगळं ओकून टाकते. कोणी कोणाला ढकललं, बाईंच्या चपलेचा अंगठा कसा तुटला, सगळं. तोंडाचा पट्टा असा की मला दोरा ओवायला सवड मिळत नाही. खळीचा ब्रश धुवायचं काम तिने आपणहून घेतलं आहे. निम्मी खळ फ्रॉकला लागते, पण ब्रश स्वच्छ होतो. शिकंज्याला मात्र हात लावू देत नाही मी. त्यात दाबून ठेवलेली पुस्तकं वाळली का बघायला तिला सारखं तो उघडावासा वाटतो.

सूनबाईचं शिक्षण नीट चाललं आहे असं तिचं पत्र होतं. नर्सिंगचा हा पुढचा कोर्स होईपर्यंत मुलीची काळजी करू नको म्हणावं. तूही तुझ्या पुलाच्या कामावर नीट राहा. उंचावर चढताना कमरेला पट्टा बांधतोस ना, एवढंच कळव. कळवणार नाहीस, पण बांध.

आणि ते दुसरं. "तिला देवाबिवाचं काही शिकवायचं नाही, नाहीतर उचलून होस्टेलात ठेवीन," असं तू सूनबाईकडून कळवलं होतंस. मी हो म्हटलं होतं. शब्द पाळते आहे. संध्याकाळी काम आवरलं की माझं जे असतं ते मी मागच्या कोठीत दार लावून उरकते. मुंगीला वाटतं मी पुठ्ठे मोजते.

आई

—

२ सप्टेंबर

लेका,

आधी हसण्यासारखं सांगते, मग दुसरं.

बेकरीवाली परवा दुकानात आली, स्टूल ओढून बसली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "वहिनी, या वयात? कोण आहे तो?" मला कळेना. तर मुंगीने तिला सांगितलं होतं की आजी रोज संध्याकाळी कोठीत दार लावून कोणाशी तरी हळू आवाजात बोलते. बेकरीवालीला तू ओळखतोस, तिच्या तोंडाला झाकण नाही. माणूस दिसायला कसा आहे, जेवायला किती लागतं, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, जेवायला काहीच लागत नाही, म्हणून तर टिकलाय. ती हसत हसत गेली.

ती गेल्यावर बघते तर मुंगी कागद कापायच्या टेबलाखाली बसलेली. मला म्हणाली, "आजी, तू चोरून काय करतेस?"

खोटं बोलता आलं असतं. जीभ तिकडे वळलीही होती. पण आठ वर्षांच्या मुलीने दाराला कान लावून ऐकलेलं, त्यावर पुठ्ठे मोजते म्हणायचं, म्हणजे तिच्या कानांनाच खोटं पाडायचं. मी म्हटलं, देवाशी बोलते.

"मग दार का लावतेस? तो वाईट आहे का?"

मी तुला दिलेला शब्द राखायला दार लावत होते, आणि पोरीने त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं होतं. मला न विचारता तीही टेबलाखाली बसून काहीतरी पुटपुटायला लागली होती. काय म्हणतेस विचारलं तर म्हणाली, "ते गुपित असतं ना?" म्हणजे मी काही शिकवलं नाही असं नाही. मी तिला लपवायला शिकवलं.

तेव्हा मी दार उघडलं. त्या दिवसापासून तुझ्या बाबांच्या वेळी बसायचो तसं बांधणीच्या खोलीतच बसते, शिकंजा आवळून झाल्यावर, चटईवर. तिला ये म्हटलं नाही. ती आली. आजोबांचा नियम काय होता ते तिने विचारलं, मी सांगितलं.

तुला तो माहीत आहे, पण तू हे कोणत्या मनाने वाचतोयस ते मला माहीत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. यांच्याकडे सगळ्या धर्मांची जुनी प्रार्थनेची पुस्तकं दुरुस्तीला यायची. हे म्हणायचे, पुस्तक कुठलंही असो, मागण्याची पानं मळून काळी झालेली असतात आणि आभाराची पानं कोरी करकरीत. "दिवसभर सगळे त्याच्याकडे मागतच असतात. आपल्या घरी तरी त्याला जरा टेकू दे." म्हणून आपल्या घरात मागायचं नाही, सांगायचं. दिवसातली एक गोष्ट. काहीही. दोरा तुटला, भाकरी करपली, पाय दुखला. सांगायचं आणि उठायचं.

मुंगीने पहिल्या दिवशी सांगितलं की तिला गणिताच्या बाई आवडत नाहीत आणि त्यांनाही ती आवडत नाही, तेव्हा फिट्टंफाट आहे.

शब्द मोडला आहे मी. तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच कळवते.

आई

—

३० सप्टेंबर

लेका,

तुझं कार्ड आलं. चार ओळी होत्या, पण तुझ्या हातच्या होत्या. वर्षअखेरच्या सुट्टीत येऊन तिला होस्टेलला नेणार, असं लिहिलं आहेस. "मला जे झालं ते तिला होऊ देणार नाही." ही ओळ मी बऱ्याचदा वाचली. बाप म्हणून तुझं म्हणणं रास्त आहे. मी त्यावर वाद घालत नाही. फक्त ती इथे आहे तोवर काय होतं ते मी तुला लिहीत जाणार, चांगलं आणि वाईट दोन्ही. मग तू ठरव.

तर वाईट आधी. मुंगीचं मागणं फळाला आलं.

बेकरीवालीचा बोका, त्याचं नाव मंत्री, कारण तो खातो आणि झोपतो, तो नाहीसा झाला होता. बेकरीवाली रस्त्यावर बशी वाजवत हिंडत होती. मुंगीने संध्याकाळी चटईवर बसून सरळ मागून टाकलं, "मंत्रीला परत पाठव." मी म्हटलं, आपल्यात मागत नाहीत. ती म्हणाली, "मी माझ्यासाठी कुठे मागितलं?" वकिलाकडे जन्माला यायची ती पूल बांधणाऱ्याकडे आली. आणि सकाळी बोका बेकरीच्या पायरीवर, कान फाटलेला, भुकेने ओरडतोय.

तेव्हापासून आमच्या दारात गिऱ्हाईकं. शाळेतल्या मुली येतात. एकीची पेन्सिलपेटी हरवली, एकीला गोष्ट पाठ होत नाही, एकीला भाऊ नको, बहीण हवी. मुंगी टेबलामागे उभी राहून सगळ्यांचं ऐकून घेते, अगदी मी गिऱ्हाइकाचं ऐकते तशी, आणि म्हणते, "बघते, पण वेळ लागेल." बेकरीवाली थट्टा करते, "देवाकडे तुमची ओळख आहे म्हणे, आमचंही नाव काढा."

एका दुपारी मात्र ती आली तेव्हा थट्टा नव्हती. मी आत होते, तिला वाटलं मी बाहेर गेले आहे. दाराशी उभी राहून, पदराच्या टोकाने हात पुसत, ती तुझ्या आठ वर्षांच्या पोरीला म्हणाली, "माझ्या मालकांचा खोकला जात नाही गं. तेवढं बोल." आणि निघून गेली. मी पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे उभी होते.

लेका, मुलाचं मागणं फुकट गेलं तर त्याला जवळ घेता येतं. फळाला आलं तर काय करायचं? पुढच्या वेळी ते फळाला येणार नाही हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे. तिला माहीत नाही.

तुला ठाऊक आहे, मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. वाचायला शिकले ती बांधणीला आलेल्या सुट्या फर्म्यांवरून. छापून घडी घातलेली सोळा सोळा पानं. मधलेच फर्मे हाताला लागायचे, त्यामुळे बऱ्याच पुस्तकांचा मला मधलाच भाग माहीत आहे. सुरुवात नाही, शेवट नाही. हे मला अर्ध्या पुस्तकांची विद्वान म्हणायचे. तर आता बांधणीला एक जुनं पुस्तक आलं आहे, मुलांना घरच्या घरी श्रद्धा कशी शिकवावी यावर. शहाण्या माणसाने लिहिलेलं आहे. मी अनुक्रमणिका उघडली आणि बघते तर एक प्रकरण, "मुलाची प्रार्थना सफल न झाल्यास". मी अधाशासारखी ते पान शोधायला गेले. नेमका तो फर्मा गळालेला. पुस्तकाचा मालक म्हणाला, मला मिळालं तेच तसं. आणि सफल झाल्यास काय करावं, यावर तर त्या शहाण्याने प्रकरणच लिहिलेलं नाही.

म्हणून माझ्या अकलेने केलं. मी मुंगीला म्हटलं, बोके आपले आपणही परत येतात.

"मग देवाने काय केलं?"

"मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही, तर तू रोज का सांगतेस?"

मी म्हटलं, तू शाळेतून आलीस की मला सगळं सांगतेस. बाईंची चप्पल तुटली हे सांगितलंस, मी त्याचं काय केलं?

"काही नाही."

"मग का सांगतेस?"

तिने ब्रश धुवायचा थांबवला. म्हणाली, "तू घरी असतेस म्हणून."

याच्यापुढे मला काही शिकवता येईल असं वाटत नाही. बेकरीवालीच्या मालकांना मी डॉक्टरकडे पिटाळलं आहे.

आई

—

२० नोव्हेंबर

लेका,

हे पत्र मी आज लिहिते आहे, पण पेटीत टाकणार नाही. सोमवारी टाकीन. का, ते वाच.

रविवारी मुंगीचा वाढदिवस. तू विसरला नसशील. तिने देवाकडे मागितलं आहे की बाबा रविवारी इथे यावा. माझ्यासमोर, मोठ्याने. वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं आहे, बेकरीत केक सांगताना तुझ्या वाटणीचा मोठा तुकडा धरून सांगितला आहे. मी म्हटलं, अगं मग रविवारची कशाला वाट बघायची, आत्ता फोन लाव आणि बाबालाच सांग. तर म्हणते, "नाही. बाबाला सांगायचं नाही. तूही सांगायचं नाही. सांगितलं तर तो सांगितलं म्हणून येईल. मग कळणार कसं?"

बघ, ही तुझीच मुलगी. तूही लहानपणी खळ चिकट आहे की नाही हे बोट घालूनच बघायचास.

माझ्याकडून वचन घेतलं तिने. तुला दिलेलं एक मी मोडलं, आता हे दुसरं.

दोन दिवस झाले, मी शिवताना टाके चुकते आहे. तुला नुसतं एवढं कळवलं, पोरगी वाट बघते आहे, तर तू येशील. माझ्यासाठी नाही येणार, तिच्यासाठी येशील, रात्रभर उभ्याने प्रवास करून. बेकरीवाली म्हणते, "वहिनी, डोकं फिरलंय का? फोन करा, पोरगा आला की पोरगी खूश, तुम्ही खूश, देवही फुकटात खूश." सोपं आहे. आणि मला तू हवा आहेस. तुला समोर बघून किती काळ लोटला. दारात तुझे बूट दिसावेत म्हणून मी काय काय करीन.

पण मग ती जन्मभर मानेल की मागितलं की येतं. आणि ते मी, पडद्यामागे उभी राहून, हाताने घडवलेलं असेल. ज्या दिवशी ते तुटेल त्या दिवशी मी तिच्याजवळ नसेन.

आणि नाही कळवलं तर? तर रविवारी संध्याकाळी ती दाराकडे बघत बसेल. तू ज्याची भीती बाळगतोस नेमकं तेच तिला होईल, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. मग तू तिला होस्टेलला नेलंस तर मला बोलायला तोंड राहणार नाही.

हे दोन्ही मी चटईवर बसून सांगितलं. मागितलं नाही. खरं सांगते, जिभेच्या टोकावर आलं होतं.

मी तुला कळवत नाही आहे. बरोबर करते आहे की चूक, मला कळत नाही. कळत असतं तर टाके चुकले नसते.

आई

—

२७ नोव्हेंबर

लेका,

आधीचं पत्र याच पाकिटात आहे. सोमवारी टाकणार होते, पण सोमवारी माझ्यात त्राण नव्हतं. दोन्ही एकदम पाठवते. आधी ते वाच, मग हे.

रविवारी सकाळी तू फोनवर तिला शुभेच्छा दिल्यास. ती हो, बरं, एवढंच म्हणाली, तुला वाटलं असेल खेळात लक्ष आहे. ती तुझ्या आवाजामागे गाडीचा आवाज येतो का ते ऐकत होती. नंतर नवा फ्रॉक घालून पायरीवर बसली. मैत्रिणी आल्या, केक खाऊन गेल्या. एकीने विचारलं, "तुझा बाबा?" ही म्हणाली, "गाडीला उशीर झालाय." काळोख पडायला लागला तसं मी आत ये म्हटलं. आली. तुझा तुकडा झाकून ठेवला.

मी चटई घातली. ती आली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, माझ्याकडे बघत. मग वळून आतल्या खोलीत गेली.

लेका, ही पाठ मी आधी पाहिली आहे. हे गेले त्या संध्याकाळी तू असाच चटईवरून उठून गेलास. अकरा वर्षांचा होतास. मी तेव्हाही हाक मारली नाही, आताही नाही मारली. मी एकटी बसले आणि सांगितलं, आज पोरीचा वाढदिवस वाईट गेला.

सोमवारी शाळेत जायला नको म्हणाली. मी आग्रह केला नाही. माझ्यासमोर स्टुलावर बसून राहिली, गप्प. मुंगी गप्प म्हणजे घड्याळ बंद पडल्यासारखं घर. दुपारी एकदम विचारलं, "तू मागितलेलं कधी आलं नाही, असं झालंय?"

मी म्हटलं, आपल्यात मागत नाहीत, पण मी मागितलं होतं. आजोबा आजारी होते तेव्हा. आणि तुझ्या बाबानेही.

ती ताठ बसली. "बाबाने? बाबाने देवाकडे मागितलं?"

तिला हे माहीतच नव्हतं. तिला वाटायचं, तू जन्मापासून असाच. मी सांगितलं. आजोबांच्या पलंगापाशी उशीत तोंड खुपसून तू काय मागायचास, ते सांगितलं. तुला वाटायचं मी झोपले आहे. मला ऐकू यायचं, आणि मीही तेच मागत पडलेली असायचे, तोंड मिटून. आपण दोघांनी एकाच खोलीत, एकमेकांना न कळू देता, नियम मोडला. तुला तेव्हाच हात लावून सांगायला हवं होतं की तू एकटा नाहीस. आता पत्रात सांगते आहे.

"मग आजोबा गेले," मुंगी म्हणाली.

"गेले."

"बाबाने काय केलं?"

"उठून गेला."

"आणि तू?"

"मी बसले."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. इतका, की कितीतरी दिवस काही सांगितलंच नाही. बसायचे, पण त्याच्याकडे पाठ करून."

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा जीव आला. "म्हणजे कुठल्या बाजूला?"

"काय कुठल्या?"

"तो कुठल्या बाजूला असतो, ते माहीत असल्याशिवाय पाठ कशी करणार?"

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, मी भिंतीकडे तोंड करून बसायचे, त्याचं त्याने समजून घ्यावं.

त्या दिवशी ती आली नाही. मंगळवारीही नाही. काल मी शिकंजा आवळला, चटई घातली, तर ही आली, माझ्याकडे न बघता बसली, आणि सरकत सरकत भिंतीकडे तोंड केलं. नाक भिंतीला लागेल इतकी जवळ. म्हणाली, "तू बाबाला आणलं नाहीस. मी सगळ्यांना सांगितलं होतं. माझी लाज गेली. मला राग आलाय. तो आजचा नाहीये, रविवारचा आहे. एवढंच." मग, "आणि बेकरीवाल्या काकांचा खोकला अजून आहे. मी मागत नाहीये, नुसतं सांगतेय."

आणि उठून पाणी प्यायला गेली.

मी तिला काही शिकवलं का, ते मला सांगता येत नाही. तिला दुखलं, हे खरं. तुला जे झालं ते तिला झालं, आणि ते मी थांबवू शकत असताना थांबवलं नाही. हे सगळं तुझ्यापुढे ठेवलं आहे. आता तू सुट्टीत येऊन तिला नेलंस तरी मी तिची बॅग भरून देईन.

तिला अजून माहीत नाही की मी तुला लिहिलं. रविवार उलटून गेला, आता वचनही उलटून गेलं, असं मी धरते.

आई

—

१२ डिसेंबर

लेका,

नीट पोचल्याचं मुंगीकडून कळलं. पट्टा बांधतोस हेही तिच्याकडूनच कळलं. जीव थंड झाला.

तू असा अचानक येशील, तेही कामाच्या वारी, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. वर मान केली तर दारात तू, बॅग खांद्याला, दाढी वाढलेली, आणि आम्ही दोघी चटईवर. तू काहीतरी बोलणार होतास. चांगलं बोलणार नव्हतास, तुझ्या कपाळावरून दिसत होतं. बॅगेच्या कप्प्यात होस्टेलचे कागद होते, ते मी नंतर पाहिले. आणि मुंगीने भिंतीकडचं तोंडही न वळवता हात वर केला, "थांब बाबा, माझं व्हायचंय अजून."

तुझा साहेबसुद्धा तुला असा थांबवत नसेल. तू थांबलास. उंबऱ्यावर बूट घालूनच बसलास.

तिने तिचं सांगितलं. शाळेतल्या नळाचं होतं, लांबलचक होतं, तू आलास म्हणून एक अक्षरही कमी केलं नाही. मग माझी पाळी. माझ्या मनात काय होतं ते मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं, तेव्हा मी आपलं खळीत गुठळ्या झाल्या हे सांगितलं. तुला हसू आल्यासारखं मला वाटलं, की माझाच भास, तूच जाणे. मग ती तुझ्याकडे वळली आणि भुवया उंचावून विचारलं, "तुझं?" तू नकाराची मान हलवलीस. तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि सांगून टाकलं, "बाबाला आज काही सांगायचं नाहीये."

त्यानंतर ती तुझ्या गळ्यात पडली, ते तुला माहीत आहे. रविवारी का नाही आलास म्हणून दोन गुद्दे घातले, तेही माहीत आहे. तू तिला म्हणालास, "मला माहीतच नव्हतं गं." ती म्हणाली, "तेच तर."

आपण दोघं फारसं बोललो नाही. तू मोडकी खुर्ची ठोकून दिलीस, मी तुला वाढलं. निघताना तू दुकानाच्या पायरीवर म्हणालास, "वर्षभर राहू दे तिला इथेच. बसते तर बसू दे. पण आई, मागायला नको शिकवूस." मी हो म्हटलं. हा शब्द मोडायची वेळ माझ्यावर येणार नाही. तो नियम कोणाचा, हे तू बोललास तेव्हा तुझ्या लक्षात आलं होतं का, ते मी विचारलं नाही.

उशीतल्या त्या गोष्टीबद्दल तूही काही बोलला नाहीस. मात्र सकाळी मला उठायला उशीर झाला तेव्हा तू माझ्या अंथरुणाच्या कडेला बसलेला होतास. मी डोळे उघडले नाहीत, आणि मी जागी आहे हे तुला कळलं असावं. आता एकमेकांना फसवण्यात आपण दोघंही तरबेज झालो आहोत.

आता एक काम आहे. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुंगीच्या वेण्या घालत होते. ती म्हणाली, "आजी, मी 'आज' म्हटलं."

"कधी?"

"बाबाचं सांगताना. बाबाला आज काही सांगायचं नाहीये, असं म्हटलं. 'आज' बाबा बोलला नव्हता, ते मी माझं घातलं. मग ते खोटं झालं का?"

मी म्हटलं, ज्याचं त्याला विचारायला हवं.

तर विचारते आहे. मला कळवायची गरज नाही. रविवारी नेहमीच्या वेळी मी फोन तिच्या हातात देईन आणि आत जाईन. तिलाच सांग.

आई